कापसाचा बर्फ

सेनोबियाच्या शिवणकारखान्याला दार नव्हतं. चौकट होती, चौकटीत जाड घोंगडीचा पडदा होता, आणि ब्वेनोस आयरेसच्या जुलैतल्या हिवाळ्यात तो पडदा फडफडला की कापड धरलेली आमची बोटं बधिर व्हायची. नवी आलेली प्रत्येक मुलगी एकदा तरी म्हणायचीच, "ताई, निदान प्लायवूडचं तरी एखादं लावू या." सेनोबिया मान वर न करता म्हणायची, "थंडी वाजते ना? मग घाल काहीतरी अंगात. दिवसभर जाकिटंच शिवतेस ना गं?" मग जुन्यांपैकी कुणीतरी त्या मुलीला बाजूला घेऊन समजवायचं, आणि ती पुन्हा कधी विचारायची नाही.

मी बेनिता. सेनोबियाकडे ओव्हरलॉक मशीनवर बसते. मीच कितीजणींना असं बाजूला घेतलं असेल. सांगायचं ते थोडकंच होतं.

देल्फिना ही सेनोबियाची थोरली बहीण. बोलिव्हियातून ब्वेनोस आयरेसला आधी ती आली, मग तिनं सेनोबियाला बोलावून घेतलं. दोघी आब्दोनच्या कारखान्यात शिवायच्या. आब्दोन त्यांच्याच गावचा, यायाग्वाच्या कथिलाच्या खाणीजवळच्या वस्तीतला, त्यांच्याच गल्लीतला. त्याच्याकडे शिवलेली थंडीची जाकिटं मोठ्या दुकानांच्या काचांमागे लटकायची. बाहेर जाताना तो दाराला बाहेरून कुलूप लावायचा. चोरांची भीती, तपासणीवाल्यांची भीती, आणि ऑर्डर अर्धी टाकून कुणी निघून जाईल ही त्याहून मोठी भीती. एका दुपारी तो दोरा आणायला गेला होता. सेनोबियाची दाढ दुखत होती म्हणून ती दवाखान्याच्या रांगेत होती. कारखान्यात कुठलीतरी जुनी वायर जळाली आणि ठिणगी जाकिटात भरायच्या पॉलिस्टरच्या कापसात पडली. तो कापूस आधी वितळतो आणि मग पेटत्या थेंबांनी खाली गळतो. आतलं कुणीही बाहेर आलं नाही. देल्फिनाही नाही.

खटला चालला. आब्दोनला शिक्षा झाली. जाकिटांवर ज्या कंपनीचं लेबल लागायचं तिचा वकील म्हणाला, आम्ही काम पुरवठादाराला दिलं होतं, त्यानं पुढे कुणाला दिलं ते आम्हाला कसं कळणार? न्यायाधीशांनी मान डोलावली. शिक्षा भोगून आब्दोन पुन्हा बाहो फ्लोरेसमध्ये, आमच्या वस्तीतच आला. दुसरीकडे जाणार कुठे? आमच्या लोकांच्या फुटबॉल मैदानावर तो चुन्याच्या रेषा आखायचा, जाळ्या बांधायचा. सेनोबिया त्या रस्त्यानं जात नसे. बाजाराला जायचं तर लांबचा वळसा घ्यायची.

आगीबद्दल ती कधी बोलली नाही. बर्फाबद्दल मात्र बोलायची. काम मनासारखं चाललं असलं की आपणहून सुरू करायची.

"आमच्याकडे बर्फ पडला तरी राहायचा नाही," ती सांगायची. "ऊन चढलं की गेला. म्हणून शाळा-बिळा सोडून सगळी पोरं पहाटेच खाणीच्या मातीच्या ढिगावर. वरच्या गल्लीची एक फौज, खालच्या गल्लीची एक. आमची देल्फिना डावखुरी. तिचा नेम असा, की पळणाऱ्या पोराची टोपी उडवून दाखवायची."

"आणि तुम्ही, ताई?"

"मी रडायचे! आमच्या बाजूनं गोळे वळायला असायचा आब्दोन. त्याला फेकता यायचं नाही, पण गोळे वळावे त्यानंच. देल्फिना त्याच्यावर ओरडायची, घट्ट दाब, घाई करू नकोस, फुटेल तो. घरी येताना ती एक गोळा शालीखाली लपवून आणायची आणि मी चुलीपाशी बसले की हळूच मागून माझ्या मानेत सोडायची. पाठीवरून पाणी थेट खालपर्यंत. आई तिला लाटण्यानं मारायला धावायची."

आब्दोनचं नाव ती फक्त या गोष्टीत घ्यायची. तो आब्दोन लहान होता, म्हणून असेल.

सिनेमावाले आले ते उन्हाळ्याच्या तोंडावर. आमच्याच लोकांच्या फुटबॉल संघावर सिनेमा काढत होते. डोंगरातल्या खाणीतून आलेली गरीब पोरं, अनवाणी खेळणारी, शेवटी मोठा सामना जिंकतात. कपड्यांचं काम बघणारी मालेना नावाची बाई कारखान्यात आली. पडदा बाजूला सारून ती आत शिरली आणि म्हणाली, "वा! किती मोकळं आहे हे!"

तिला संघाचे सदरे हवे होते, जुन्या पद्धतीची कापूस भरलेली जाकिटं हवी होती. आणि कापूसही हवा होता, गठ्ठेच्या गठ्ठे, पातळ पिंजून. लहानपणाच्या प्रसंगात बर्फ दाखवायचा होता, आणि ब्वेनोस आयरेसच्या जानेवारीत माणसं बनियनवर फिरत असतात.

"आम्ही मुद्दाम तुमच्याकडे आलोय," मालेना म्हणाली. "आम्हाला स्वच्छ कपडे हवेत. म्हणजे कुणाला राबवून शिवलेले नकोत. सिनेमाच्या शेवटी तुमच्या कारखान्याचं नाव येणार, ताई. पडद्यावर!"

सेनोबिया हसली. तिला खरंच आनंद झाला होता. त्या दिवशी तिनं सगळ्यांसाठी शेंगदाण्याचं सूप केलं आणि युदितला, आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलीला, दोनदा वाढलं.

कापूस आला तेव्हा खोली निम्मी भरून गेली. सेनोबिया एकटीच तो पिंजायला बसली. आम्हाला हात लावू देईना. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी ती एकदम ताठ झाली आणि तिनं हात मानेवर नेला.

"कुणी केलं हे?"

आम्ही सगळ्या आपापल्या मशीनवर होतो. तिच्या मागे कापसाच्या ढिगाशिवाय काही नव्हतं.

"काय झालं, ताई?"

तिनं हात पुढे केला. बोटं ओली होती. मी उठून पाहिलं, तर ब्लाउजची कॉलर मागून भिजली होती, आणि पाठीवरून एक ओली रेघ खाली उतरली होती. बाहेर इतकं ऊन होतं की गल्लीतली कुत्री गाड्यांखाली शिरून पडली होती.

"घाम आहे," मी म्हटलं.

"घाम गार असतो का गं?" ती म्हणाली.

मी तिच्या मानेला हात लावला आणि पटकन मागे घेतला. त्याबद्दल मी कुणापाशी बोलले नाही.

त्यानंतर ती मशीन चालू असताना मध्येच थांबायची आणि विचारायची, "हाक कुणी मारली?" आम्ही मशीन बंद करून ऐकायचो. काही नसायचं. तरी त्या शांततेत आम्हाला एकमेकींकडे बघवायचं नाही.

मग मालेना पुन्हा आली. आता तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. चित्रीकरणाच्या तारखा अलीकडे आल्या होत्या. जाकिटं निम्म्या वेळात हवी होती.

"जमणार नाही," सेनोबिया म्हणाली.

"ताई, असं करू नका ना. नाहीतर मला ती बाजारातून घ्यावी लागतील, आणि ती कुठं शिवलेली असतात हे तुमच्याहून जास्त कुणाला माहीत?"

सेनोबियानं हातातली कात्री खाली ठेवली. ती हो म्हणाली. आम्ही सकाळी लवकर बसू लागलो, दुपारची झोप गेली, जेवण मांडीवर आलं. कुणी उठून अंगणात वारा खायला गेली की सेनोबिया म्हणायची, "एवढ्यात?" त्याच आठवड्यात शेजारच्या गल्लीत दोन कारखान्यांतून मशीनं चोरीला गेली. भर दिवसा, पडद्याआडून. आमच्याकडे तर सिनेमाचं भारी कापड येऊन पडलं होतं.

एक दिवस आम्ही आलो तर चौकटीत लोखंडी दार बसलेलं. हिरवा रंग अजून ओला. युदितनं टाळ्या वाजवल्या, "आला बाबा दरवाजा एकदाचा!" बाकीच्या आपापल्या मशीनवर जाऊन बसल्या. सेनोबिया कुणाकडेही न बघता कापड मोजत होती.

जाकिटांचा पहिला गठ्ठा पोचवायचा होता तो दिवस मला नीट आठवतो. मी आणि सेनोबिया गठ्ठे घेऊन निघालो. बाकीच्या आत काज-बटणं करत होत्या. बाहेर आल्यावर तिनं दार ओढलं, आणि खिशातून किल्ली काढून फिरवली.

"ताई," मी म्हटलं, "त्या आत आहेत."

"माहितेय. चोऱ्या होतायत. आत्ता जाऊ न् आत्ता येऊ."

चित्रीकरण आमच्याच मैदानावर होतं. सेनोबिया इतक्या वर्षांत प्रथमच त्या रस्त्याला वळली. गोलपोस्टच्या पलीकडे मातीचे ढीग रचले होते आणि त्यावर सेनोबियानं पिंजलेला कापूस अंथरला होता. लांबून पाहिलं तर खरंच बर्फ. वस्तीतली पोरं लोकरीच्या टोप्या घालून, घामानं निथळत, एकमेकांना कापसाचे गोळे मारत होती. गोळे हवेत मध्येच रेंगाळायचे, खाली यायला वेळ घ्यायचे. सिनेमाची माणसं ध्वनिवर्धकातून ओरडत होती, "जोरात फेका रे! लागलं पाहिजे!"

सेनोबियानं तिकडे पाठ केली. मालेनानं आम्हाला खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीकडे नेलं. तिथं वेगळाच प्रसंग चालू होता. संघ पूर्वार्धात मागे पडलाय, आणि प्रशिक्षक सगळ्यांना खोलीत कोंडतो. प्रशिक्षक झालेला नट देखणा होता, आवाज खणखणीत. "जिंकायचं ठरवल्याशिवाय इथून एकही माणूस बाहेर पडणार नाही! लाव रे कुलूप!" मग मैदानाच्या म्हाताऱ्या रखवालदारानं बाहेरून कुलूप लावायचं, आणि आत सगळ्यांनी दारावर मुठी आपटत गर्जना करायची.

रखवालदार झाला होता आब्दोन. खराखुरा रखवालदार तोच, म्हणून त्यालाच उभा केला होता.

"लाव रे कुलूप!"

आब्दोननं किल्ली पुढे केली. ती कुलपाच्या भोकाशेजारी लोखंडावर खरडली. पुन्हा खरडली. आतून मुठी आपटायला लागल्या, आणि त्या आवाजानं त्याच्या हातातून किल्ली खाली पडली.

"थांबा! पुन्हा घेऊ." दिग्दर्शक वैतागला होता. "आजोबा, कुलूप लावायचंय हो, रॉकेट नाही उडवायचं." सगळे हसले.

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच झालं. पुढच्या वेळी आब्दोन दाराला पाठ लावून खाली बसला आणि म्हणाला, "त्यांना आवाज बंद करायला सांगा. हात जोडतो. आधी तो आवाज बंद करायला सांगा."

आता कुणी हसलं नाही. तेव्हा त्यानं मान वर केली आणि त्याला सेनोबिया दिसली. तिच्या एका हातात गठ्ठा होता. दुसऱ्या हाताच्या मुठीतून नव्या किल्लीचं टोक बाहेर आलेलं होतं. वाटभर तिनं ती खिशात ठेवलीच नव्हती.

"सेनोबिया," तो म्हणाला.

"माझं नाव घेऊ नकोस."

"दार बसवलंस?"

"चोऱ्या होतात," ती म्हणाली.

आब्दोन हळूच म्हणाला, "मीही हेच म्हणायचो." आणि मग, तिच्या हाताकडे बघत, "आत कुणी आहे?"

सेनोबियाच्या हातातला गठ्ठा सुटला. ती वळली आणि पळत सुटली, मी तिच्या मागे. वाट त्या कापसाच्या ढिगाजवळूनच होती. पोरांचा खेळ ऐन रंगात आला होता. एक गोळा भिरभिरत आला आणि तिच्या मानेवर बसला. कापसाचा गोळा, त्याला वजन ते काय असणार. पण ती अशी किंचाळली की ध्वनिवर्धकसुद्धा गप्प झाला. मी मागेच होते. गोळा खाली पडला तेव्हा तो कापूसच होता. तिच्या कॉलरमधून मात्र पाणी गळत होतं.

मी वळून बघितलं, गोळा कुणी फेकला म्हणून. सगळी पोरं समोरच्या ढिगावर होती. गोळा ज्या बाजूनं आला होता तिकडे नुसता पांढरा उतार होता.

गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत मी नाक वर करून वास घेत होते. जळका वास नव्हता. धूर नव्हता. हिरवं दार तसंच उभं होतं. सेनोबियाला किल्ली लावता येईना. दोन्ही हातांनी धरूनही ती खरडत राहिली. मी तिच्या हातातून घेतली आणि उघडलं. दाराला हात लागला तेव्हा मला कळलं, भर जानेवारीच्या दुपारी ते लोखंड गारठलेलं होतं.

आत सगळ्या ठीक होत्या. मशीनं बंद होती. सगळ्या जणी खोलीच्या मधोमध एकमेकींना चिकटून उभ्या होत्या.

"ताई, तुम्ही आत का येत नव्हता?" युदितनं विचारलं.

"आत्ताच तर आलो आम्ही," मी म्हटलं.

"मग इतका वेळ बाहेरून दार कोण वाजवत होतं?"

मग सगळ्यांत वयस्क फिलोमेना म्हणाली, "तुम्ही गेलात तेव्हापासून वाजतंय. जोरात नाही. हळूहळू. आम्ही म्हटलं, किल्ली विसरलात. आम्ही ओरडलो, कोण आहे? तर वाजायचं थांबायचं. आणि पुन्हा सुरू. जसं काही त्या बाईला आत यायचं नव्हतं, आम्हाला बाहेर यायला सांगत होती."

"बाई?" सेनोबियानं विचारलं. "बाई कशावरून?"

फिलोमेनाला सांगता येईना. "वाटलं," ती म्हणाली.

सेनोबिया उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "जा गं, घरी जा सगळ्या. राहिलेलं राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आब्दोन आला. हातात हत्यारांची पिशवी होती. अंगणाबाहेरच उभा राहून त्यानं विचारलं, "बिजागऱ्या काढू का?"

सेनोबिया मशीनवर होती. तिनं नाही म्हटलं नाही, एवढंच. आब्दोन कामाला लागला. रंग नवा असल्यानं स्क्रू घट्ट बसले होते, त्याला वेळ लागला. सगळा वेळ त्याची पाठ आमच्याकडे होती. पाठमोराच तो बोलायला लागला.

"मी परत आलो तेव्हा देल्फिना आतून दारापाशीच होती. धूर खालून येत होता. मला वाटलं शिव्या देईल. तर म्हणाली, आब्दोन, घाई करू नकोस. किल्ली सरळ धर. शांतपणे म्हणाली. मी घाई केली. मग लोखंड तापलं, मला कुलूप धरवेना." त्यानं एक स्क्रू काढून खिशात टाकला. "कोर्टात मी हे सांगितलं नाही. आणखी एक सांगितलं नाही. कुलूप लावून ठेव असं मला कोण म्हणालं होतं ते. कंपनीचा माणूस दर आठवड्याला माल बघायला यायचा. दार उघडं दिसलं तर पुढची ऑर्डर विसर, म्हणाला होता. त्याचं नाव मला माहीत आहे."

सेनोबियाचं मशीन थांबलं.

"मग मला कशाला सांगतोस? ज्यांना सांगायचं त्यांना सांग."

"सांगतो."

"नुसतं सांगतो म्हणू नकोस."

"सांगतो, सेनोबिया."

या वेळी तिनं त्याला नाव घेऊ दिलं. दार निघालं तेव्हा त्यानं ते एकट्यानं पाठीवर घेतलं आणि भंगारवाल्याकडे नेलं. तिनं त्याला पाणी विचारलं नाही. मी विचारणार होते, पण तिच्याकडे बघून बसून राहिले.

आब्दोन सरकारी वकिलाकडे गेला, हे खरं आहे. फिलोमेनाचा नवरा त्याच्यासोबत गेला होता. त्यांनी ते लिहून घेतलं आणि सांगितलं, फार वर्षं झालीत, बघू. अजून बघतायत. आब्दोन दर महिन्याला जाऊन विचारतो आणि तिथले लोक त्याला आता नावानं ओळखतात.

जाकिटं उशिरा गेली. मालेना फोनवर फार ओरडली. बाकीचा माल तिनं बाजारातून उचलला, आणि पडद्यावर आमचं नाव आलं नाही. तिथून पुढे काम कमी झालं. दोघी जणी दुसरीकडे गेल्या. मानेवर हात नेण्याची सवय सेनोबियाला राहिली, पण त्यानंतर तिची कॉलर ओली झालेली मी पाहिली नाही. कधीकधी मला वाटतं, तिला ती व्हायला हवी होती.

सिनेमा लागला तेव्हा क्लबच्या सभागृहात वस्तीसाठी फुकट खेळ ठेवला होता. आम्ही सगळ्या गेलो, सेनोबियासुद्धा. एका रांगेत बसलो. बर्फाचा प्रसंग आला आणि गेला. पोरं छान दिसली, आपापल्या पोराला ओळखून आया ओरडल्या. मग ती कोंडायची खोली आली. कुलूप लावणारा दुसराच कुणी म्हातारा होता, त्यानं एका झटक्यात किल्ली फिरवली. आतून मुठी आपटल्या, संगीत चढत गेलं, आणि सगळं सभागृह उभं राहून त्या मुठींच्या ठेक्यावर टाळ्या वाजवायला लागलं. आमची रांग बसून होती. सेनोबिया उठली. तिच्या मागोमाग आम्ही एकेक करून बाहेर आलो. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

युदित मात्र आतच राहिली. तिला शेवट बघायचा होता.

आम्ही फूटपाथवर तळलेल्या पुऱ्या घेतल्या आणि तिची वाट बघत उभ्या राहिलो. खेळ सुटला तेव्हा ती गर्दीतून धावत आली. डोळे रडून सुजले होते आणि चेहरा हसत होता.

"जिंकले, ताई! शेवटच्या क्षणाला जिंकले!"

"हो?" सेनोबियानं तिच्या हातात पुरी दिली. "कुणाविरुद्ध गं?"

युदितनं तोंड उघडलं आणि ती विचार करत राहिली. तिला आठवेना. "मोठा संघ होता," ती म्हणाली. "त्यांचे चेहरे नीट दाखवलेच नाहीत."

"खा, गार होतंय," सेनोबिया म्हणाली, आणि आम्ही बसथांब्याकडे चालू लागलो.